नाशिकची वही, सिन्नरचं दप्तर आणि आमचे पणजोबा

पणजोबांबद्दल आमच्या घरात एकच वाक्य ऐकू यायचं: "ते गाव टाकून निघून आले." का, कधी, कुणी सांगत नसे. सूर मात्र असा, की त्यांच्या हातून काहीतरी वावगं घडलं असावं. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले. ते सोबत असतानाच शोध घ्यायचा, म्हणून गेल्या माघात आम्ही दोघं पुण्याहून नाशिकला गेलो.

आधी रामकुंड गाठलं. पंचवटीतले तीर्थोपाध्याय यजमानांच्या वह्या राखतात. अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा नुसतं गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, स्नानाला कुणी आलं, तरी त्याचं नाव, गाव, वाडवडिलांची नावं उतरवून घ्यायची ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आमचा अर्धा दिवस मात्र वाया गेला, कारण पणजोबा संगमनेरला येऊन राहिले होते म्हणून आम्ही "संगमनेरचे" असं सांगत फिरत होतो. शेवटी एका वृद्ध गुरुजींनी थांबवलं. "आत्ताचं गाव नको. मूळ गाव कुठलं?" बाबांनी सिन्नर तालुक्यातल्या एका गावाचं नाव घेतलं, लहानपणी कुलदैवताला जाताना तिथे उतरायचो म्हणाले. गुरुजींनी लगेच दोन गल्ल्या पलीकडचं घर दाखवलं. या वह्या गाव आणि आडनाव धरून लावलेल्या असतात. तेव्हा निघण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि मूळ गाव, कुलदैवत, आडनाव पूर्वी वेगळं होतं का, एवढं विचारून घ्या. पितृपक्षात, अमावास्येला किंवा सिंहस्थात जाऊ नका. गुरुजींना तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते.

वही लाल कापडात बांधलेली होती आणि जुनी पानं मोडी लिपीत. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, वेलांटी-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेदही पाळत नाहीत, त्यामुळे आडनावं ओळखू येत नाहीत. गुरुजी बोट ठेवून वाचत होते. शके १८४०, कालयुक्त नाम संवत्सर, पौष. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं. आणि खाली एक ओळ: कुटुंब व दोघे बंधू मयत, अस्थी घेऊन आले.

बाबांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण पौषातल्या बहुतेक तिथी जानेवारीत पडतात, तिथे ७९ मिळवायचे. म्हणजे ही नोंद १९१९ च्या आरंभीची. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात पावसानं दगा दिला होता आणि त्यापाठोपाठ मानमोडी आली होती, १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्या साथीनं म्हाताऱ्यांपेक्षा कर्ती माणसं जास्त नेली. पणजोबा तेव्हा पंचविशीत असतील.

वहीचा फोटो काढण्याआधी परवानगी विचारा, दक्षिणा यथाशक्ती द्या आणि स्वतःची नोंद करूनच उठा. आम्ही मुलींची, सुनांचीही नावं लिहायला सांगितली. गुरुजींनी आनंदानं लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सिन्नर. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्यावा लागतो. "आमच्या पूर्वजांची माहिती मिळावी" असा अर्ज करू नका, त्यावर कुणालाच काही शोधता येत नाही. गाव, वर्ष, शक्य तर महिना लिहा. आमच्या हातात वर्ष आणि सुमाराचा महिना नाशिकच्या वहीमुळे होता, म्हणून आधी तीर्थक्षेत्र आणि मग कचेरी हाच क्रम मी सुचवेन. ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवा आणि दोन दिवस मोकळे ठेवून जा. जमिनीचे जुने सातबारे, फेरफार काही तालुक्यांपुरते "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात, ते आधी पाहून ठेवलेले बरे. शाळेचं जनरल रजिस्टरही विसरू नका. त्यात जन्मतारीख आणि मूळ गाव दोन्ही सापडू शकतं.

ऑक्टोबर १९१८ चं पान उघडलं. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, पुढच्या पानावरही तेच. एवढ्याशा गावात इतकी माणसं. अकरा दिवसांत आमच्या घरातली तिघं. पणजोबा गाव टाकून गेले नव्हते. त्यांच्यासाठी गावात कुणी उरलंच नव्हतं. हे वाक्य मी त्या कचेरीतच बाबांना म्हटलं आणि ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले.

नाशिकच्या वहीत पत्नीचा उल्लेख नुसता "कुटुंब" असा होता. नाव नव्हतं. आम्हाला तर पणजोबांचं हे पहिलं लग्नही ठाऊक नव्हतं. आमची पणजी ही त्यांची दुसरी बायको, संगमनेरला आल्यानंतरची. पण मृत्यूच्या नोंदवहीत नाव लिहावंच लागतं. जुन्या कागदांत "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा आणि "कोम" म्हणजे अमक्याची बायको, हे दोन शब्द लक्षात ठेवा. "कोम"च्या पुढे पणजोबांचं नाव होतं आणि मागे त्या मुलीचं. वय वर्षं १९.

तेच नाव माझ्या मोठ्या आत्याचं आहे. तिचं नाव पणजोबांनी हट्टानं ठेवलं, ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत. कुणाचं ठेवलं ते कुणालाच नाही.

सिन्नरच्या स्टँडवर बस लागायच्या आत बाबांनी आत्याला फोन लावला.