कोर्निल्याला जाताय? मग मुक्कामच करा

चिंक्वे तेर्रेची पाच गावं एका दिवसात उरकायची म्हटलं की यादीतून सगळ्यात आधी गळतं ते कोर्निल्या. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरच्या या पाचांपैकी चार गावं थेट पाण्याला लागून आहेत. कोर्निल्या तेवढं समुद्रापासून सुमारे 100 मीटर उंच कड्यावर बसलंय. प्रवासी बोटी तिथे थांबत नाहीत. रेल्वे स्टेशन आहे, पण कड्याच्या पायथ्याशी. या दोन अडचणींमुळेच गाव शांत राहिलंय. संभाजीनगर, लातूर, नांदेडहून इतक्या लांब जाणाऱ्याने पाच गावांत पाच फोटो काढण्यापेक्षा इथे निदान दोन रात्री राहावं, असं माझं ठाम मत आहे. दिवसाची गर्दी संध्याकाळच्या गाड्यांनी परत जाते, आणि गाव खऱ्या अर्थाने बघायचं ते त्यानंतर.

आधी कागदपत्रं. इटलीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी प्रौढांसाठी 90 युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाही, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने चालू असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. आपल्याकडच्या अर्जांचं घोडं बहुतेक वेळा अडतं ते बँकेच्या खात्यावर. सोयाबीन किंवा कापसाचे पैसे अर्जाच्या तोंडावर एकरकमी जमा झाले की ती रक्कम उसनी आणल्यासारखी दिसते. सोबत आडत्याची पट्टी, सातबारा आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर जोडलं की पैसा कुठून आला ते कळतं.

मिलानच्या माल्पेन्सा विमानतळावरून रेल्वेने मिलानो चेंत्राले स्टेशन, तिथून इंटरसिटीने साधारण तीन तासांत ला स्पेत्सिया. पिसाला उतरलात तर अंतर आणखी कमी. ला स्पेत्सिया ते लेवांतो या टप्प्यात लोकल गाड्या सतत असतात, पण चढण्याआधी फलकावर कोर्निल्याचं नाव आहे ना ते बघून घ्या, कारण प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही. कागदी तिकीट घेतलं तर प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रात शिक्का मारूनच चढायचं, मोबाइलवरचं असेल तर गाडीत बसण्याआधी ऑनलाइन चेक-इन करायचं. पैसे भरलेले असूनही दंड बसतो तो याच ठिकाणी.

स्टेशनपासून गावात जायला लार्दारिना नावाचा विटांचा जिना आहे: नागमोडी, 33 टप्पे, 382 पायऱ्या. दौलताबाद बारादरीपर्यंत चढणाऱ्याला तो अवघड नाही, पंधरा मिनिटांत वर पोचता येतं. अवघड होतं ते सामानामुळे. चाकांची मोठी बॅग या जिन्यावर अक्षरशः उचलूनच न्यावी लागते, आणि दुपारी सावली फारशी नसते. स्टेशनबाहेरून गावात छोटी बस जाते. ती भरली तर पुढच्या बसची वाट बघा, बॅगा घेऊन जिन्याला लागू नका. एकाहून जास्त दिवस फिरायचं असेल तर गाड्या, पायवाटा आणि बस एकत्र मिळणारं चिंक्वे तेर्रे ट्रेनो कार्ड घ्यावं. त्याचा दर तारखेनुसार बदलतो.

गावातला मुख्य रस्ता म्हणजे व्हिया फिएस्की. दोन माणसं शेजारून चालली की भरेल एवढी गल्ली. ती संपते सांता मारियाच्या गच्चीवर, जिथून दोन्ही बाजूंचा किनारा दिसतो. चौदाव्या शतकातलं सान पिएत्रो चर्च गावाच्या वरच्या अंगाला आहे. एवढं बघायला तासही लागत नाही.

खरा वेळ द्यावा तो गावाभोवतीच्या द्राक्षमळ्यांना. ज्याने बालाघाटाच्या उतारावर दगडी ताल, म्हणजे दगडांचा बांध, घातली आहे, त्याला इथल्या मळ्यांचे टप्पे धरून ठेवणाऱ्या भिंतींचं काम लगेच कळेल. सिमेंट नाही, चुना नाही. मोठे दगड दर्शनी बाजूला, प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसवलेला, आणि अख्ख्या भिंतीचा कल किंचित डोंगराकडे. दर्शनी दगडांच्या मागे बारीक दगडांची भर, तिच्या मागे माती. पावसाचं पाणी त्या बारीक दगडांतून झिरपून सांध्यांतून बाहेर पडतं, त्यामुळे ओल्या मातीचा भार भिंतीवर येत नाही. सांधे मुळांनी किंवा गाळाने बुजले की पाणी कोंडतं, भिंतीला पोट येतं आणि पुढच्या मोठ्या पावसात ती खालच्या टप्प्यावर बसते. वरची पडली की खालच्याही धोक्यात. म्हणून दर वर्षी हाताने डागडुजी करावी लागते, आणि शेत पडीक पडलं की ती थांबते. 25 ऑक्टोबर 2011 रोजी अतिवृष्टीने पाचांतली वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावं चिखल-दगडांखाली गेली, तेव्हा पडीक उतारांचा प्रश्न साऱ्या जगाला दिसला. हा परिसर 1997 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि 2018 मध्ये कोरड्या दगडी भिंती रचण्याच्या कलेलाही युनेस्कोने मान्यता दिली. तेव्हा फोटोसाठी या भिंतींवर बसू नका, चढू तर नकाच. माथ्याचा एक दगड हलला तरी पाणी आत शिरायला वाट होते. मळ्यांतून एकेरी लोखंडी रूळ जाताना दिसेल, त्यावरून काढणीच्या वेळी द्राक्षाची खोकी वाहणारी छोटी गाडी चालते. त्यावरही पाय देऊ नका.

याच द्राक्षांची, म्हणजे बोस्को, अल्बारोला आणि वेर्मेंतीनो या वाणांची, शाकेत्रा नावाची गोड वाइन होते. घड सावलीत सुकवून मग पिळतात, त्यामुळे रस थोडा निघतो आणि बाटली महाग असते.

चालायचं तर वेर्नात्साची वाट साडेतीन किलोमीटरची, दीड ते दोन तासांची. प्रेव्हो नावाच्या वस्तीपर्यंत, म्हणजे सुमारे 200 मीटर उंचीपर्यंत चढ, मग उतार. हंगामात या वाटेला कार्ड लागतं. मला जास्त आवडते ती डोंगरावरच्या वोलास्त्रा गावावरून मानारोलाला, म्हणजे पाचांतल्या आणखी एका गावाला, जाणारी. 587 नंबरच्या पाटीने चढायचं, वर 586 धरायचा आणि वोलास्त्राहून 506 ने खाली उतरायचं. दगडांवर लाल-पांढरे पट्टे दिसत राहतात. चढ दमवतो, पण नंतर बराच वेळ मळ्यांच्या कडेकडेने सपाट चालता येतं. शेवटच्या पायऱ्या गुडघ्यांवर येतात. दुखरे गुडघे असतील तर वोलास्त्राहून बस घ्या. चपला, स्लिपर घालून या वाटांवर गेलं तर दंड होतो. हवामानाचा इशारा लागला की वाटा बंद करतात, तेव्हा सकाळी निघण्याआधी चौकशी करा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम. ऑगस्ट टाळा.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. फारिनाता मागवा: हरभऱ्याचं पीठ, तिप्पट पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, काही तास भिजवून मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेलं. पेस्तो, म्हणजे बेसिलच्या पानांची चटणी, लावलेला त्रोफिये पास्ता बटाटा आणि हिरव्या घेवड्याच्या शेंगा घालून देतात. पेस्तोतल्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, कडक शाकाहारी असाल तर हे ध्यानात घ्या. भाज्यांच्या पदार्थातही आंचोवी मासा असू शकतो; ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं आधीच सांगा. घरून शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका, युरोपात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

इटलीत रेल्वेचे संप वरचेवर होतात, पण आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक लोकल चालवाव्याच लागतात. तरीही परतीचं विमान मिलानहून असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम मिलानलाच ठेवा.