कागदावरचे वीस गुंठे

"साहेब, इतके कागद खोटे आणि तुमचं एकट्याचं यंत्र खरं?"

तात्यांचा प्रश्न बिनतोड होता. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सातबारा, आठ-अ, आजोबांच्या वेळचं वाटणीपत्र, सोसायटीच्या कर्जाचे कागद, पीकविम्याची पावती. प्रत्येकावर एकच क्षेत्र: 2 हेक्टर 04 आर (आर म्हणजे जवळजवळ गुंठाच), वाटणीपत्रात तेच जुन्या एकर-गुंठ्यांत. आणि मी दुपारी अडीचच्या उन्हात त्यांना सांगत होतो की जागेवर 1 हेक्टर 84 आरच भरतंय.

मी भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणारा. भीमेच्या पट्ट्यातल्या गावांत मोजण्या करून केस पांढरे झाले. हद्द कायमची मोजणी म्हणजे नव्वद टक्के भाऊबंदकी असते, हीही होती. तात्या आणि शेजारच्या गटातले, म्हणजे शेजारच्या नंबराच्या जमिनीचे आप्पा, सख्खे चुलत भाऊ. तात्यांचं म्हणणं, आप्पानं बांध कोरून कोरून माझी अर्धा एकर खाल्ली. आप्पांचं म्हणणं, मी माझ्या बांधाच्या आत आहे. लग्नकार्याला जाणं-येणं बंद होतं. तातडीच्या मोजणीची फी तात्यांनी भरलेली, नोटिसा सगळ्या लगतदारांना पोचलेल्या, त्यामुळे बांधावर निम्मं गाव.

आता बांध कोरून वीस गुंठे खायचे तर किती कोरावं लागतं ते बघा. दोघांची सामाईक बाजू साधारण सहाशे फूट. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, वीस गुंठे म्हणजे 21780. म्हणजे बांध सगळ्या लांबीभर छत्तीस फूट आत सरकायला हवा. नांगराच्या दोन चरांनी दरसाल वीतभर बांध सरकतो, हे खरं. पण छत्तीस फूट सरकला तर त्या बांधावरची बाभळही चालत गेली पाहिजे. बाभळ चांगली कवेत न मावणारी होती. तिथंच मला शंका आली.

रोव्हर लावला. हे यंत्र उपग्रहावरून दोन-चार सेंटिमीटरच्या आत जागा सांगतं, म्हणून लोकांना वाटतं आता वादच उरला नाही. पण रोव्हरला हद्द ठाऊक नसते. तुम्ही कुठं उभे आहात एवढंच तो सांगतो. कुठं उभं राहायला हवं होतं, ते जुना नकाशा सांगतो. म्हणून पहिलं काम, जुने दगड शोधणं. वायव्येच्या कोपऱ्यातला घाणेरीच्या जाळीत सापडला, अर्धा मातीत, पण हललेला नाही. ओढ्याकडचा मिळाला. तिसरा आप्पांच्या पोरानं दाखवला. दगड, नकाशा आणि वहिवाट तिन्ही एकमेकांवर बसवली, आणि बसली की! बांध नकाशाप्रमाणेच होता. आप्पांचं क्षेत्रही कागदाप्रमाणे बरोबर भरलं.

म्हणजे तात्यांची जमीन कुणी खाल्लेली नव्हती. गटाचा आकार बरोबर, चारी बाजू बरोबर, फक्त आतलं क्षेत्र सातबाऱ्याशी जुळत नव्हतं. हे सांगितलं आणि तात्यांनी तो प्रश्न टाकला. गर्दीतून कुणीतरी "यंत्रच बिघडलंय" म्हणालं. आप्पा काही बोलले नाहीत, पण मिशीत हसले. ते हसू तात्यांना जास्त झोंबलं असावं.

मी म्हटलं, "तात्या, कागद खोटे नाहीत. पण ते वेगवेगळे कागदही नाहीत. सोसायटीनं आकडा कुठून घेतला? सातबाऱ्यावरून. विमेवाल्यानं? सातबाऱ्यावरून. आजोबांच्या वाटणीपत्रात? त्याच्या आधीच्या उताऱ्यावरून. एकानं बघितलं आणि बाकीच्यांनी ऐकलं, तर साक्षीदार एकच धरायचा."

"मग त्या एकानं काय बघितलं ते दाखवा," तात्या म्हणाले. इतकं मुद्द्याचं बोलणारा अर्जदार मला क्वचित भेटतो.

पुढच्या आठवड्यात ते ऑफिसात आले, सोबत नात, बारावीला असलेली. अभिलेख कक्षातून मी त्यांच्या जुन्या सर्व्हे नंबरचं टिपण आणि गुणाकार बुक काढून ठेवलं होतं. ज्यांनी ही कागदं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी: टिपण म्हणजे जागेवर बसून काढलेलं हातचं रेखाटन. शेताच्या मधून एक रेघ, तिच्यावरून प्रत्येक कोपऱ्याला टाकलेले लंब, आणि सगळ्या लांब्या साखळीत. आमची शंकू साखळी 33 फुटांची, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचं. ही 33 फूट योजणारा माणूस डोक्यानं चांगला होता, कारण साखळी गुणिले साखळी बरोबर एक गुंठा. मापं साखळीत घेतली की गुणाकार थेट गुंठ्यात. टिपणातल्या त्रिकोण-चौकोनांचा हिशेब ज्या वहीत केला ती गुणाकार बुक.

पान पिवळं पडलेलं, मोडी वळणाचे आकडे, शाई अजून काळीभोर. एकेक ओळ मी वाचत गेलो, नात मोबाइलवर गुणत गेली. पहिला त्रिकोण जुळला. दुसरी आकृती जुळली. तिसऱ्या ओळीला लांबी 10, लंब 4, आणि क्षेत्राच्या रकान्यात 40.

"निम्मं करायचं राहिलंय," नात म्हणाली.

पाया गुणिले उंची भागिले दोन. बाकीच्या सगळ्या त्रिकोणांपुढे निम्मं केलं होतं, या एकापुढे नाही. 40 च्या जागी 20 हवे होते. बेरीज 202 गुंठे लिहिली होती, म्हणजे 5 एकर 2 गुंठे. व्हायला हवी होती 182, म्हणजे 4 एकर 22 गुंठे. त्याचे हेक्टर-आर केले तर 1.84. रोव्हरनं सांगितलं तेच.

शंभर वर्षांहून जुन्या त्या कारकुनाला संध्याकाळ झाली असेल, दिव्यात तेल कमी असेल, कोण जाणे. त्याच्यावर माझा राग नाही. पुढच्यांचं मात्र नवल वाटतं. 1947 च्या कायद्याखाली एकत्रीकरण, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडणं आलं, सर्व्हे नंबरचा गट झाला, तेव्हा 5 एकर 2 गुंठे जसेच्या तसे उतरले. दशमान पद्धत आली तेव्हा कुणीतरी त्याचे 2.04 केले, आणि ते रूपांतर अगदी अचूक केलं. मग संगणकीकरण आलं, पुन्हा आकडा अचूक टंकला. दर वेळी नक्कल तपासली गेली, मूळ हिशेब कुणी उघडला नाही. आता तोच आकडा डिजिटल सहीनं, क्यूआर कोडसकट मिळतो. तो कोड स्कॅन केला की उतारा अस्सल आहे एवढं कळतं. आतला आकडा अस्सल आहे की नाही, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही.

आमच्या कामाच्या इतिहासात हे नवं नाही म्हणा. प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1827 च्या सुमारास पुण्याकडे पहिली मोठी मोजणी सुरू केली. मोजणी चुकांनी भरलेली निघाली, आकारणी रयतेच्या बोकांडी बसली, लोक जमिनी टाकून गेले. शेवटी 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात पुन्हा सगळं मोजायला घेतलं. सरकारी आकड्यावर संशय घ्यायचा रिवाज या खात्यात इतका जुना आहे. मध्येच तो सुटला.

पण म्हणून सातबाऱ्यावर विश्वासच ठेवू नका, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. जमीन महसूल संहितेचं कलम 157 सांगतं की अधिकार अभिलेखातली, म्हणजे सातबाऱ्यावरचीही नोंद, उलट शाबीत होईपर्यंत किंवा कायद्यानं नवी नोंद होईपर्यंत, खरी समजायची. तसं नसतं तर दर खरेदीला गाव मोजावं लागलं असतं. माझा भर त्या "उलट शाबीत होईपर्यंत"वर आहे. टिपण आणि गुणाकार जपून ठेवलेत म्हणून ते शाबीत करता आलं. ज्या आकड्यामागची वहीच सापडत नाही, त्याच्यापुढे मी जास्त घाबरून असतो, मग तो कितीही ठिकाणी छापलेला असो.

तात्या बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आप्पाकडं काही निघत नाही."

"नाही."

"आणि ह्या वीस गुंठ्यांचा सारा आम्ही भरत आलो?"

"हो."

"मग तो परत?"

यावर मी हसलो, तेही हसले. क्षेत्र दुरुस्तीची कार्यवाही मी समजावून सांगितली: अहवाल, नोटिसा, सुनावणी, क्षेत्रातला फरक दाखवणारं कमी-जास्त पत्रक, मग फेरफार. गणिताची चूक दुरुस्त करायची सोय कायद्यात आहे. तात्यांनी मान डोलावली आणि नातीला बाहेर बसायला सांगितलं.

"साहेब, सोसायटीचं कर्ज क्षेत्रावर मिळतं. यंदा उसाला उचलायचंय. एवढी घाई आहे का?"

अहवाल मी त्याच दिवशी वर पाठवला, पोहोच तात्यांच्या हातात दिली. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. आप्पांविरुद्धचा अर्ज मात्र तात्यांनी काढून घेतला, आणि कर्ज 2 हेक्टर 04 आरवर उचललं.