बुरांश नोंदवही : काढा, सरबत आणि प्रयोगशाळेतला अर्क

या फेरीत उत्तराखंडातल्या सुक्या बुरांश पाकळ्यांवर काम झालं. बुरांश हे लाल फुलांचं हिमालयी झाड, शास्त्रीय नाव ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियम, म्हणजेच नेपाळचा लाली गुराँस.

काढ्याचं प्रमाण आता बसलंय: 10 ग्रॅम पाकळ्या, 200 मिली पाणी, उकळी यायच्या आत आच मंद करून झाकणाखाली 15 मिनिटं, मग मलमलीतून गाळणं. पातेलं स्टीलचंच हवं. लोखंडी कढईत पाकळ्यांतले फिनॉल (वनस्पतींतली तुरट द्रव्यं) लोहाशी बांधले जातात आणि काढा काळा पडतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात लाल रंग मळकट होतो, कारण तो अँथोसायनिनचा, म्हणजे आम्ल-क्षारानुसार बदलणाऱ्या फुलांतल्या रंगद्रव्याचा आहे. लिंबाचे चार थेंब टाकले की परततो.

पाकळ्या निवडताना पुंकेसर आणि देठाकडचा भाग काढून टाका. या कुळातल्या झाडांत ग्रेयानोटॉक्सिन हे विष असतं. नेपाळातला 'वेडा मध', म्हणजे याच कुळातल्या फुलांवरचा मध, त्यानेच बाधतो. चक्कर, उलट्या, रक्तदाब आणि नाडी उतरणं ही लक्षणं दिसली तर थेट दवाखाना. पानं पोटात घ्यायचीच नाहीत.

आता पुरावे. डोंगरात हगवणीवर फुलं देतात. उंदरांवर एरंडेल तेलाने जुलाब घडवून घेतलेल्या चाचण्यांत फुलांच्या अर्काने ते कमी झाले, पण तो अर्क पाण्यातला नव्हे, इथाइल अ‍ॅसिटेट या रासायनिक द्रावकातला होता आणि त्यात हायपेरिन हे फुलांतलं द्रव्य एकवटलं होतं. आपल्या काढ्यात ते तेवढं उतरेल असं धरून चालू नका. मधुमेहाचंही तसंच: पिष्टाची साखर करणारं अल्फा-ग्लुकोसिडेज हे विकर रोखलं जातं ते परीक्षानळीत. त्या आधारावर किलोला किलो साखर घातलेलं सरबत 'शुगरवर उत्तम' म्हणून विकणं हा विनोदच.

घरच्या कृतीच्या सर्वांत जवळचं काम आयआयटी मंडी आणि आयसीजीईबी (जनुकशास्त्र व जैवतंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय केंद्र) यांचं, 2022 साली गाजलेलं. त्यात पाकळ्यांचा गरम पाण्यातला अर्कच वापरला होता. व्हेरो ई6 या प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशींमध्ये त्याने कोरोना विषाणूची वाढ रोखली. पाकळ्यांतल्या क्विनिक आम्लाची रूपं विषाणूच्या प्रोटीएजला (त्याच्या वाढीला लागणाऱ्या, प्रथिनं कापणाऱ्या विकराला) चिकटू शकतात, हे संगणकी मांडणीतून आलं. बातम्यांनी त्याचं 'कोरोनावर औषध' करून टाकलं. पेशींच्या थाळीत पोट नसतं, यकृतही नसतं.

घशात माशाचा काटा अडकला की पाकळी चघळावी, हा नेपाळी उपाय. बांगड्याचा काटा पाकळ्यांच्या आंबट रसात अर्धा तास ठेवला, तरी ताठच राहिला. हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट इतक्या सौम्य आम्लात मिनिटांत विरघळत नाही. गिळताना काटा सरकत असेल तर गोष्ट वेगळी.

पुढची फेरी: त्याच पाकळ्या, 60 अंश आणि 90 अंश, रंगाची तुलना.