मिस्त्रींचा अंगठा

नोव्हेंबरात आमच्या बँकेच्या शाखेत पाय ठेवायला जागा नसते. खरं तर ईपीएस-९५च्या, म्हणजे कारखान्यातल्या कामगारांच्या पीएफ पेन्शन योजनेच्या, पेन्शनरांना हयातीचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि तो दिल्यापासून वर्षभर चालतो. पण जुनी सवय जात नाही. सरकारी पेन्शनर आणि कारखान्यातले पेन्शनर एकाच रांगेत येऊन उभे राहतात.

बाहेरच्यांना वाटतं यंत्रावर अंगठा लावला की दाखला झाला. अंगठा लागत नाही, तिथंच आमचं खरं काम सुरू होतं. वय झालं की बोटांच्या रेषा पुसट होतात, थंडीत कातडी कोरडी पडते. मग अंगठा सोडून मधलं बोट घ्यायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, कपाळावर घासून थोडा तेलकटपणा आणायचा. दाबू नका म्हणून दहादा सांगायचं, कारण जोर दिला की रेषा आणखी चपट्या होतात. बुबुळ वाचणारं यंत्र आम्ही मागून दमलो.

त्या दिवशी आलेल्या एका म्हाताऱ्याची दहाही बोटं गुळगुळीत होती. शेजारच्या काउंटरवरून मान वर न करताच आवाज आला, "काका, आधार केंद्रात जाऊन अपडेट करून या." या वाक्याचा एक रबरी शिक्का करून घ्यावा, इतकं ते आमच्याकडं चालतं.

"तिकडनंच आलोय," असं कुणालाच न बोलल्यासारखं बोलून ते कागद गोळा करायला लागले.

दारातला गार्ड पुढं आला. ठेकेदाराचा माणूस, पंचविशीतलं पोरगं. "मामा, कुठं हुता कामाला?"

"उद्यमनगरात. मोल्डिंगला."

"मग मिस्त्री म्हणा की! बसा हितं." आणि स्वतःची खुर्ची त्यांच्याकडं सरकवली.

म्हातारा बसला आणि बोलायला लागला. ओतकामाची काळी वाळू पेटीत कशी ठासायची, वाळूत दाबलेला नमुना, म्हणजे पॅटर्न, उचलताना कड ढासळली तर बोटानं कशी सावरायची, ऑइल इंजिनचं फ्लायव्हील ओतताना किती जपावं लागायचं. "रेषा त्या वाळूतच गेल्या बघा," म्हणाले. रांगेतले दोघं-तिघं ऐकत होते. तोवर मला एवढंच दिसलं होतं, की या माणसाचं बोट लागत नाही.

चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय २०२१ पासून आहे. साधा अँड्रॉइड फोन पुरतो, पण आमच्या हॉलमधल्या उजेडात चष्मा चकाकतो आणि ॲप चेहरा धरत नाही. शिवाय 'डोळे मिटा' म्हटलं की म्हातारी माणसं मिटूनच बसतात. गार्ड त्यांना बाहेर पायरीवर उजेडात घेऊन गेला, चष्मा काढून हातात धरला. "मिस्त्री, माझ्याकडं बघा. आता नुसती पापणी हलवा." मी फोन धरून उभा. एक-दोनदा फसलं, मग झालं.

साहेबांनी नंतर त्याला ऐकवलं, दार सोडायचं नाही. नियमानं बरोबर आहे. आम्हाला ॲपचं ट्रेनिंग झालंय, त्यात कुठला पडदा कधी येतो ते सगळं शिकवलं. समोरच्याला कुठं कामाला होता असं विचारा, हे त्यात नव्हतं.

मिस्त्री त्यानंतरही येत राहिले. पासबुकात छापायला काही नसायचं. ईपीएसची किमान पेन्शन २०१४ साली हजार रुपये ठरली, ती अजून तिथंच आहे. महिन्याला एक नोंद, तीही कधीच छापून झालेली. तरी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, दाराशी उभे राहायचे. "या मिस्त्री," एवढं कानावर पडलं की घटकाभर बोलून जायचे.

मग ठेकेदारानं गार्ड बदलला. नव्याला विचारलं तर त्याला काही माहीत नाही. शेवटी मीच एजन्सीत फोन करून पत्ता काढला आणि मिस्त्रींना सांगितला.

परवा ते एटीएम कार्डाचा अर्ज घेऊन माझ्यापुढं आले. आयुष्यभर स्लिप भरून पैसे काढलेला माणूस. मी म्हटलं, "मिस्त्री, आता या वयात कार्ड कशाला? पिन लक्षात राहील का?"

"ऱ्हाईल की. न्हाई ऱ्हायलं तर ते पोरगं हाय. बावड्याच्या एटीएमवर ड्यूटी हाय न्हवं त्याची."