टँकरच्या गावातला डास

माण तालुक्यातल्या त्या वाडीत डेंग्यूचे रुग्ण निघाल्याचा निरोप आला, तेव्हा 2024 चा एप्रिल चालू होता. मी हिवताप विभागात कीटक समाहारक, म्हणजे डास-अळ्या गोळा करून तपासणारा. आमच्याकडे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची धावपळ पाऊस पडल्यावर सुरू होते. इथे तर आदल्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरलेला, आणि विहिरी दिवाळीतच तळाला गेलेल्या. डबकं सोडा, गटारंही वाळून भेगाळलेली. सरपंच म्हणाले, "माणसाला प्यायला पाणी नाही साहेब, डासाला कुठनं आलं?"

पहिल्याच घराच्या पडवीत दोनशे लिटरचं निळं बॅरल होतं. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी वरची फळी सरकवली, मी बॅटरी मारली. पाण्याच्या वरच्या थराला तिरक्या लटकलेल्या अळ्या उजेड पडताच वळवळत खाली गेल्या. एडिसच. शेजारच्या घरी सिमेंटचा हौद, त्यापलीकडे रांजण, तीच गत.

टँकर आठवड्यानं यायचा. भर उन्हाळ्यात अंड्याचा डास व्हायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. शिवाय भांडं पुरतं रिकामं कुणी करत नाही, तळाच्या पाण्यावरच नवं ओततात. मादी अंडी घालते भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेघेच्या जरा वर. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. पावसाचं काम तिथे टँकर करत होता.

आता ऊन. बाहेर चाळिशी ओलांडलेली. एवढ्या उष्णतेत एडिस फार जगत नाही. पण डास वेधशाळेच्या तापमानात राहत नाही, तो खाटेखाली, कपड्यांच्या आड बसतो. विषाणूला डासाच्या अंगात तयार व्हायला 25 अंशांना दोनेक आठवडे लागतात, 30 ला आठवड्याभरात काम होतं. पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांचा डेंग्यूवरचा अभ्यास वाचला. त्यात पुण्यात 27 अंशांच्या वरची उष्णता डेंग्यूला पोषक आढळली, आणि आठवड्याला 150 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अंडी-अळ्या धुऊन जातात असं होतं. पडवीतल्या बॅरलला ही धुलाई कुठली मिळायला!

एका दुष्काळावरून हवामान बदललं असं मी म्हणणार नाही, माण पूर्वीपासूनच दुष्काळी. पण तापमान वाढतंय आणि पाऊस बेभरवशाचा होतोय, म्हणून डासाचा नकाशा पाऊसपाण्याच्या आकड्यांवरून काढला, तर अशी वाडी त्यात सुटते. लोकांनी पाणी कशात आणि किती दिवस साठवलं, हे त्या नकाशात हवं. विषाणू आला कसा, याचं उत्तर बहुधा सोपं होतं: नुकतीच यात्रा झालेली, मुंबई-पुण्याची माणसं घरोघर मुक्कामाला होती.

खरी अडचण पुढेच होती. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करा, कोरडा दिवस पाळा, हे आमचं ठरलेलं सांगणं. एका आज्जींनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. "आठ दिसांनी टँकर येतुया, आन् तुमी म्हणताय पानी वता? तुमीच वता, आन् उद्याच्याला भरून द्या!" आशाताई हसल्या, मला काही हसू येईना. आज्जींचं म्हणणं बरोबरच होतं.

मग आशाताईंनीच मार्ग काढला. ओतायचं नाही, फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायचं आणि रिकामं बॅरल आतून काथ्यानं खसाखसा घासायचं, म्हणजे चिकटलेली अंडी निघतात. हे करायचं टँकरच्या आदल्या दिवशी, कारण तेव्हा पाणी तसंही तळाला असतं. हौदांत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले. बॅरलांची तोंडं जुन्या लुगड्यांनी बांधली. नुसती फळी पुरत नाही, फटीतून मादी शिरते.

आज्जींनी पाणी गाळलं, पण फडक्यावरच्या अळ्या मला दाखवून विचारलं, "ह्ये पीत हुतो व्हय आमी?" त्यानंतर त्यांच्या आळीत घासायला कुणाला सांगावं लागलं नाही. त्या वाडीचं सर्वेक्षण मी टँकरच्या वेळापत्रकाला जोडून घेतलं. वरिष्ठांनी कारण विचारलं, तर टँकरचीच यादी पुढे ठेवली.