घाटमाथ्यावरचं घरगुती लॉजिंग: एक-एक खण वाढलेलं घर

कोल्हापूरहून गगनबावडा ५५ किलोमीटर. तिथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. या माथ्यावर काय, आंबा किंवा फोंडा घाटात काय, एकाच घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या चालवलेलं बोर्डिंग-लॉजिंग बांधकामावरूनच ओळखू येतं. धंदा बदलला की घराला नवा खण जोडला जातो, जुना सहसा कोणी पाडत नाही.

सगळ्यात जुना भाग म्हणजे मोठं अंगण आणि जांभ्या दगडाचा उंच ओटा. गूळ खाली जायचा. मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. बैल सोडायला जागा आणि गाडीवानाला भाकरी, एवढीच तेव्हाची सोय. १८९१ मध्ये कोल्हापूर रेल्वेनं मिरजेला जोडलं गेलं, गुळाला मुंबईची दुसरी वाट मिळाली. पुढे एसटी आली तशी रस्त्याकडेला चहा-भज्यांची पडवी निघाली. ट्रकवाल्यांसाठी मागे खाटा पडल्या. पावसाळी पर्यटक वाढल्यावर वर स्लॅब आला, आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली.

इथला पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. सपाट स्लॅबवर पालापाचोळ्यानं पन्हळ तुंबते, पाणी साचतं आणि पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, सांध्यातून आत उतरतं. वॉटरप्रूफिंगवर पैसे घालण्याआधी वर उताराचा पत्रा टाकावा, हे आमचं ठाम मत. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही. नाहीतर वाहतं पाणी थेट भोकावरून जातं. रबरी वायसर उन्हानं कडक होऊन चिरतात. ते मे महिन्यात एकेक हातानं तपासून बदलायचे.

मंगलोरी कौलांना १०० चौरस फुटांना साधारण १५० नग लागतात. शाकारणीच्या, म्हणजे छपराच्या डागडुजीच्या, वेळी फुटकी कौलं बदलतातच, पण रिपांकडे, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांकडे, दुर्लक्ष होतं. रीप कुजून खाली बसली की चांगलं कौलही सरकतं. पश्चिमेकडच्या खालच्या दोन ओळी तारेनं बांधून घ्याव्यात, वारा तिथूनच कौल उचलतो. त्याच बाजूच्या जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आत शिरलेली ओल अडकून राहते आणि पोपडे आतल्या बाजूला सुटतात. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. शिवाय पावसाळ्यापुरती बाहेरून पत्र्याची आडोशाची भिंत लावली तर उत्तमच.

खोल्यांत जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात आधी बिघडते ती गादी. पेटीचा पलंग इथं चालत नाही, फळ्यांत बोटभर फट असलेलाच हवा. पलंग भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचा. पूर्वी चादरींच्या कपाटात ४० वॅटचा बल्ब रात्रंदिवस जळायचा. एलईडी आले आणि ती ऊब गेली. आता चुलीमागची खोली हीच वाळवणाची खोली. उरलेल्या चादरी कोल्हापुरात धुवायला पाठवायच्या. परवडत नाही, पण कुबट वासाची खोली दिलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये पाण्याचे वांधे असतात. जांभा पाणी पटकन मुरवतो आणि पायथ्याच्या झऱ्यातून तितक्याच पटकन सोडून देतो. झऱ्याचं पाणी टाकीत आणायचं तर आधी गाळाचा वेगळा हौद हवा. जूनचे पहिले पंधरा दिवस लाल पाणी येतं.

घरात वाटणी होते तेव्हा एका भावाकडे स्वयंपाकघर जातं, दुसऱ्याकडे खोल्या. कागदावर हे बरोबरीचं दिसतं. पण तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा गल्ला बाराही महिने चालतो आणि खोल्या भरतात फक्त पावसात. त्यात छपराची दुरुस्ती खोलीवाल्याच्या माथी. भांडणं इथंच होतात. छप्पर आणि पाणी दोघांच्या खर्चात ठेवून बाकीचं वाटलं, तरच ते टिकतं.

आणि रस्ता बंद झाला तर दोघांचाही धंदा बसतो. जानेवारी २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी करूळ बंद झाला आणि वाहतूक दुसऱ्या घाटांकडे वळली. दरड कोसळते तेव्हा उलटं होतं: अडकलेल्या गाड्यांनी अंगण भरतं, वीज नसते आणि दूधही येत नाही. त्यासाठी जूनच्या आधी तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, दूध पावडर आणि दोन भरलेले सिलिंडर वेगळे काढून ठेवायचे. मीठ बरणीतच ठेवावं, पिशवीतलं चार दिवसांत पाणी होतं.