तुम्ही विचारलंत म्हणून: सुरुवात प्लास्टिकच्या केजने करावी का?

"पहिल्यांदाच घेतोय. स्वस्तातला प्लास्टिकचा चॅस्टिटी केज चालेल का, की थेट चांगला धातूचाच घेऊ?" शब्द बदलतात, प्रश्न हाच असतो. (चॅस्टिटी केज म्हणजे ताठरता रोखण्यासाठी लिंगावर चढवून कुलूपबंद करायचा छोटा पिंजरा. किल्ली बहुधा जोडीदाराकडे असते.) विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'हो' ऐकायचं असतं, आणि वर्षभर मी ते देतही आलो. "बिनधास्त घ्या, नाही जमलं तर फार पैसे बुडणार नाहीत." त्या उत्तरात पैशांचा विचार होता, शरीराचा नव्हता. ते उत्तर मी आज मागे घेतो आहे. पण अगदी उलटं उत्तरही माझ्याकडे नाही, म्हणून हे जरा लांबेल.

हे मुळात का करता, असं विचारणाऱ्यांसाठी मी लिहीत नाहीये. आम्ही नवरा-बायको आहोत, दोघांनी बोलून ठरवलेली गोष्ट आहे, आणि त्याचा खुलासा मी कुणालाही देणं लागत नाही. ज्यांना वापरायचंच आहे त्यांच्याशी बोलतोय.

केज विकत घेताना सगळे पिंजऱ्याकडे बघतात. केवढा आहे, रंग कुठला, पारदर्शक आहे का. मीही तेच केलं. पण सुख-दुःख सगळं ठरतं ते मागच्या रिंगवर. ती लिंग आणि अंडकोश दोन्हींच्या मागे, अंगाला लागून बसते. पुढचा पिंजरा पिनेने तिला जोडलेला असतो आणि मधलं अंतर स्पेसर नावाचा छोटा तुकडा ठरवतो. रिंग घट्ट असेल तर रक्त परत फिरायला अडथळा येतो, सूज येते. सैल असेल तर सगळं मागून निसटतं. स्पेसर फार छोटा असेल तर रिंग आणि पिंजऱ्याच्या फटीत कातडी सापडते. दोन-तीन मिलीमीटरनेही फरक पडतो, आणि ते तुमचे दोन-तीन मिलीमीटर कुठले, हे बाहेरचं कुणी सांगू शकत नाही.

स्वस्त प्लास्टिकच्या केजची खरी किंमत इथे आहे. माझ्या डब्यात पाच रिंगा होत्या, ३८ पासून ५१ मिलीमीटरपर्यंत, आणि तीन-चार स्पेसर. धातूचा घ्यायचा तर बहुधा एकच माप निवडावं लागतं, आणि ते चुकलं तर चुकलं. त्यामुळे माझं आजचं मत असं: प्लास्टिकचा केज ही मापं काढायची वस्तू आहे. सुरुवातीला सुती दोरा लिंग आणि अंडकोश दोन्हींच्या मागून, न आवळता फिरवा, लांबी मोजा, ३.१४ ने भागा. १४० मिलीमीटर आली तर व्यास साधारण ४५. तिथून सुरुवात करा, आणि दोन मापांत अडकलात तर मोठं घ्या. रिंगेच्या आत करंगळी सरकली पाहिजे. आधी एक तास, मग दोन, मग अर्धा दिवस. रात्र सगळ्यात शेवटी.

पिंजऱ्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. शिथिल असतानाच्या लांबीएवढा किंवा किंचित आखूड हवा. पुढे पोकळी राहिली तर लघवीची धार भलतीकडे जाते. बसूनच करायची सवय लावून घ्या. स्वस्त मालात साच्याच्या शिवणीवर बारीक कड राहिलेली असते, विशेषतः लघवीच्या फटीपाशी. पाहून कळत नाही. ओठावरून किंवा मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवून बघा. टोचलं तर बारीक पॉलिशपेपर ओला करून घासा, ४०० नंबरने सुरू करून १२०० पर्यंत. हे काम अर्ध्या तासाचं आहे, आणि ते टाळणाऱ्यांचेच तक्रारींचे निरोप मला येतात. धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, ॲसिटोन तर नाहीच. पॉलिकार्बोनेटच्या प्लास्टिकला अशा द्रवांनी आतून बारीक तडे जाऊ शकतात, आणि तडा गेलेली कड पात्यासारखी असते. रोज काढून अंग धुणं आणि पूर्ण कोरडं करणं याला पर्याय नाही. पुढची त्वचा असलेल्यांनी तर दुप्पट काळजी घ्यावी, कारण तिच्याखाली मळ साठतो आणि बंद जागेत दाह लवकर होतो.

आता ती रात्र. तिच्याबद्दल मी आजवर कुणालाच पूर्ण सांगितलं नव्हतं.

तिसरा आठवडा होता. ४८ ची रिंग मला आरामात बसत होती, पण एकदा चालताना निसटली, आणि मला वाटलं की निसटत असेल तर या सगळ्याला अर्थच काय. म्हणून मी ४१ वर आलो. मधली ४४ ची तशीच डब्यात पडून होती. ती लावूनही पाहिली नाही. बायको कामासाठी दोन दिवस बाहेरगावी जाणार होती. निघताना ती म्हणाली, "एक किल्ली इथे ठेवते." मीच हट्ट धरला की दोन्ही घेऊन जा. ती म्हणाली, "अरे, काही झालं तर?" मी म्हणालो, "काय होणार आहे?"

पहाटे साडेतीनला जाग आली. झोपेत ताठरता येते, निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा, आणि दर वेळी ती वीस-तीस मिनिटं टिकू शकते. स्वप्नाशी तिचा संबंध असेलच असं नाही. हे मला माहीत होतं. आधीच्या रात्रींना जाग यायची, मी उठून लघवी करायचो, जरा फेऱ्या मारायचो, ओसरायचं. त्या रात्री ओसरलं नाही. पिंजरा पुढे रेटला जात होता आणि रिंग मागून ओढत होती. फटीत अंडकोशाच्या कातडीची एक घडी सापडली होती आणि ती बोटभर सुजली होती. दिव्याखाली पाहिलं तर रंग जांभळा, हात लावला तर गार. पिंजरा पारदर्शक होता म्हणून निदान दिसलं. अपारदर्शक असता तर मी आणखी एखादा तास वाट बघत बसलो असतो, हे मला पक्कं माहीत आहे.

गार पाणी ओतलं, ओला टॉवेल धरला. पंधरा मिनिटं गेली. मी तिला फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला. काय झालंय हे सांगताना माझ्या तोंडून शब्द नीट फुटत नव्हते. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "काप ते. आत्ता काप. मी फोनवर आहे." कुलूप पितळेचं होतं, पक्कड त्याच्या कडीवरून सटकत होती. मग पिनेवर लावली. पिन तुटली, पण तुटलेला तुकडा भोकातच राहिला, आणि पिंजरा उपसताना त्याच्या कडेने कातडी फाटली. रक्त आलं. पिंजरा निघाला तरी रिंग निघेना, कारण सूज आली होती. आधी लिंग मागे काढायचं, मग एक अंड, मग दुसरं, असा क्रम असतो. मी घाईत दोन्ही एकदम ओढत होतो. तिनेच सांगितलं, "थांब. साबण लाव. एकेक." रिंग निघाली तेव्हा चार वाजून गेले होते. मी न्हाणीघराच्या फरशीवर बसून होतो आणि ती फोनवर नुसती श्वास घेत होती.

त्या वेळी सरळ हॉस्पिटलमध्ये जायला हवं होतं. मी गेलो नाही, लाजेपोटी. दोन दिवसांनी जखम चिघळली तेव्हा डॉक्टरांकडे गेलो आणि पँटच्या चेनमध्ये अडकलं असं सांगितलं. त्यांनी एकदा जखमेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "चेनची खूण अशी गोल नसते." मग मी खरं सांगितलं. त्यांनी ना हसू दाखवलं ना उपदेश केला. लघवी नीट होते का, संवेदना आहे का, एवढंच विचारलं, औषध लिहिलं आणि म्हणाले, "पुन्हा असं झालं तर त्याच रात्री या. अडकलेली रिंग कापायची साधनं आमच्याकडे असतात." दोन दिवस ज्या प्रसंगाची मला धास्ती होती, तो पाच मिनिटांत संपला.

म्हणून काही गोष्टींवर मी आता वाद घालत नाही. बधिरपणा, गारपणा, जांभळा-निळा रंग यांतलं एकही दिसलं की काढायचं. निघत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही. केज काढल्यावरही ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकली तर ती वेगळीच तातडीची बाब आहे, तेव्हाही हॉस्पिटल. मधुमेहाने संवेदना कमी झालेल्यांनी, रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी, पुढची त्वचा मागे न सरकणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि एक किल्ली कायम हाताशी असलीच पाहिजे, घरात एकटे असाल तेव्हा तर नक्कीच.

किल्ली हाताशी असेल तर मग बंधन कसलं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो होतो, ती निघताना, फार खात्रीने. त्या माणसाशी मी अजून मनात भांडतो. त्याचं अगदीच चूक होतं असं मी म्हणू शकत नाही. सुटका हातात नसण्यातच त्याला जे हवं होतं ते होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण 'काय होणार आहे' असं बायकोला ऐकवताना त्याने आपल्या अंगाची जबाबदारी तिच्यावर टाकली आणि तिला ती नाकारायलाही जागा ठेवली नाही. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा तिने दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "मला ही भीती सोबत घेऊन प्रवास करायचा नाही." याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मग प्लास्टिक की धातू? ज्या प्लास्टिकने मला फाडलं, तेच साध्या पकडीने तुटलंही. पोलादाचं असतं तर मी त्या रात्री काय केलं असतं, याचा विचार मी पूर्ण करत नाही. प्लास्टिक हलकं असतं, आतलं दिसतं, सुरक्षा तपासणीच्या दारातून जाताना वाजत नाही, फक्त पितळी कुलूप काढून प्लास्टिकचं लावायचं. धातू गुळगुळीत असतो, स्वच्छ राहतो, वर्षानुवर्षं टिकतो. ज्याचं माप पक्कं झालंय आणि जो महिनोन् महिने वापरणार आहे, त्याने धातूकडे जावं. नवख्याने नाही. एवढ्यापुरतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो, प्लास्टिक' असंच आहे, फक्त त्यातलं 'बिनधास्त' मी काढून टाकलंय.

मी स्वतः पुन्हा सुरू केलं, पाच महिन्यांनी, ४४ च्या रिंगने. ती दुखत नाही आणि निसटतही नाही. पहिल्या दिवसापासून डब्यात होती. रात्री अजून वापरत नाही. पितळी कुलपाऐवजी आम्ही क्रमांक छापलेली प्लास्टिकची सीलं वापरतो. साध्या कात्रीने कापता येतात, पण कापलं की कळतं. ती क्रमांक वहीत लिहून ठेवते आणि संध्याकाळी ताडून बघते. गेल्या आठवड्यात मी सील घेऊन तिच्यापुढे आलो, तर तिने वही उघडलीच नाही. "असू दे, माझा विश्वास आहे," म्हणाली आणि पुन्हा वाचायला लागली. विश्वास होता की कंटाळा, हे विचारायचं मी दोनदा ठरवलं. अजून विचारलेलं नाही.